अभयारण्यात अभय कुणाला?



जमीनदारी संपली असं शाळेत शिकवतात. कूळकायदा आला, इनामं खालसा झाली, सीलिंग आलं. आम्हीही हे पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि मार्क घेतले. पण आंबेगाव, खेड, मुरबाड, कर्जत या तालुक्यांच्या डोक्यावर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, १३० चौरस किलोमीटरची एक जहागीर आजही उभी आहे. धनी सरकार, कारभारी वनखातं, आणि नाव भीमाशंकर अभयारण्य. १९८५ साली ती जाहीर झाली. आमच्यातले बरेच जण तेव्हा पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते. म्हणजे आमचा जन्म गावात झाला आणि समज आली तेव्हा गाव दुसऱ्याच्या इस्टेटीत गेलेलं होतं.

ही इस्टेट बघायला लांबलांबून लोक येतात. मग आम्ही ठरवलं, आपणही एकदा पाहुण्यासारखी बघू. रोज लाकडाला, पाण्याला, गुरामागं जातो तसं नाही. पाठीला पिशवी लावून, दोन दिवसांची भाकर बांधून, पाट्या वाचत वाचत. माघात आम्ही सात जण निघालो. आहुप्याच्या कड्यावरून गोरखगड-मच्छिंद्रगड बघितले, कोंढवळच्या रानातून भीमाशंकरला आलो, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी भीमेच्या कडेकडेने भोरगिरीला उतरलो.

रान चांगलं आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या कुणी म्हणायचं, या पोरांना झाडांचं वाकडं आहे. दुपारी बारा वाजता खाली ऊन पडत नाही असं रान अजून माथ्यावर आहे. जांभूळ, हिरडा, आंबा, अंजनी, वर वेलींचं जाळं. शेकरू तीनदा दिसलं. एकदा तर जोडी होती, या फांदीवरून त्या फांदीवर उड्या टाकत गेली, खाली उतरलीच नाही. शेकरूला जमिनीवर काम नसतं, त्याला झाडाला झाड लागून पाहिजे. म्हणून रान तुटलं की शेकरू जातं. हे आम्हाला कुठल्या माहितीपत्रकाने शिकवलेलं नाही. (त्याच्या शास्त्रीय नावात मात्र एल्फिन्स्टन साहेब बसलेला आहे. प्राणी आमच्या झाडावर, नाव गव्हर्नराचं!)

आता सवाल असा. हे रान १९८५ सालापर्यंत राखलं कुणी?

वनखात्याच्या पाट्या वाचल्या तर वाटेल की खातं यायच्या आधी इथं कुणी नव्हतंच. सगळी नुसती 'नैसर्गिक संपदा'. पण रान सगळ्यात दाट कुठं आहे बघा. देवराईत. आहुप्याची राई बघा, भैरवनाथाची, वरसूबाईची, वनदेवाची ठिकाणं बघा. देवाच्या राईत कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, हा नियम आमच्या म्हाताऱ्यांनी केला आणि तो मोडला तर गावाने जाब विचारला. त्याला ना गार्ड लागला, ना चेकनाका. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून हेच लिहून ठेवलं, की बाकीचं रान गेलं तेव्हाही राया राहिल्या, कारण गावाने त्या राखल्या. ते तर आमच्या संघटनेचे नव्हते.

आणि बाकीचं रान गेलं कुणामुळं? इंग्रजाने १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे केले, ते काय शेकरूच्या मायेनं? त्याला रेल्वेला स्लीपर पाहिजे होते, जहाजांना सागवान पाहिजे होतं. स्वातंत्र्यानंतर कोळशाचे ठेकेदार आले. पानशेत-वरसगावच्या अंगाला धरणांसाठी रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी कोळशाचे ट्रक पुण्याला गेले. ट्रकभर रान गेलं त्याला 'उत्पादन' म्हणतात. आमच्या बाईच्या डोक्यावर मोळी दिसली की त्याला 'ऱ्हास' म्हणतात.

आमच्या माणसांनी हे तेव्हाच ओळखलं होतं. राघोजी भांगरे उगाच बंडात गेला नाही, त्याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. जांभोरीचा होन्या केंगले सावकारांच्या मागं लागला तो याच डोंगरांच्या आसऱ्याने. त्यांच्या तसबिरीला आपण दरवर्षी हार घालतो, ते ठीक. पण ज्या रानाने त्यांना लपवलं त्या रानात आज त्यांच्या पणतूंना 'विनापरवाना प्रवेश करू नये' ही पाटी वाचावी लागते.

पाट्यांवरून आठवलं. रस्त्यात आम्ही एक पाटी पूर्ण उतरवून घेतली. काय काय करू नये त्याची यादी. झाड तोडू नये, पाला तोडू नये, गुरं चारू नयेत, विस्तव करू नये, वनोपज गोळा करू नये. आम्ही त्या यादीत आमचा दिवस शोधला. सकाळी विस्तव, मग गुरं, मग राबाला पाला, उन्हाळ्यात हिरडा. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत आम्ही जे करतो ते सगळं त्यात होतं. खाली 'आपले सहकार्य अपेक्षित'.

पुढं नाक्यावर पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. एका गाडीतली पोरं पावती फाडून, कॅमेरा गळ्यात घालून आत गेली. चांगली पोरं होती, आमच्याशी बोलली, पाणी कुठं मिळतं विचारलं, आम्ही झरा दाखवला. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. त्यांच्यामागून एक मावशी वाळक्या काटक्यांचा भारा घेऊन आली. नाक्यावरच्या माणसाने तिला हटकलं, "ए, ठेव तिथं. कुणाला विचारून आणलंस?" मावशी आमच्या आजीच्या वयाची. पाहुण्यांच्या पोरांना तो 'सर' म्हणत होता. मावशीने भारा टाकला, काही बोलली नाही, पदराने तोंड पुसलं आणि तशीच रिकाम्या डोक्याने खाली गेली. आम्ही त्याला म्हटलं, "दादा, वाळकी लाकडं आहेत." तो म्हणाला, "मला माहितीय. वरून ऑर्डर हाय."

वरून कसली ऑर्डर आहे ते नीट समजून घेऊ, कारण आपल्यातल्या निम्म्यांना कागदावर काय आहे हे कुणी कधी सांगितलंच नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात अभयारण्य कसं करायचं हे लिहिलेलं आहे. कलम १८ ने सरकार जाहीर करतं की अमुक डोंगर अभयारण्य करायचा आहे. तेवढ्याने काम संपत नाही. कलम १९ प्रमाणे कलेक्टरने तिथल्या लोकांचे हक्क काय आहेत याची चौकशी करायची. कलम २१ प्रमाणे त्या भागातल्या गावागावांत, तिथल्या भाषेत, जाहीरनामा लावायचा आणि दोन महिन्यांत आपला दावा सांगा असं लोकांना कळवायचं. आणि कलम २४ मध्ये असं आहे की कलेक्टर वन्यजीव रक्षकाशी विचार करून एखाद्या माणसाचा हक्क अभयारण्यातही पुढं चालू ठेवू शकतो. म्हणजे अभयारण्य झालं की हक्क आपोआप मेले, हे जे आपल्याला सांगतात ते कायद्यात नाही. राष्ट्रीय उद्यानाचं वेगळं. अभयारण्यात हक्क राहू शकतो, तो कुणीतरी मागितला पाहिजे आणि कुणीतरी लिहून घेतला पाहिजे.

आम्ही वाटेतल्या चार वाड्यांत विचारलं, अशी दवंडी कुणी ऐकली का? जाहीरनामा कुठं चिकटवलेला बघितला का? एका बाबांनी सांगितलं, "दवंडी पोलिओची ऐकली, मतदानाची ऐकली. हक्काची नाय ऐकली." देशभर हीच तऱ्हा होती, म्हणून तर २२ ऑगस्ट १९९७ ला सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं की हे जाहीरनामे दोन महिन्यांत काढा आणि हक्क ठरवायचं काम वर्षाच्या आत पुरं करा. कायदा झाल्यावर पंचवीस वर्षांनी कोर्टाने आठवण करून द्यावी लागते. आणि आमच्या मावशीने काटक्या उचलल्या तर कायदा पंचवीस मिनिटांत हजर!

त्याच कायद्याचं कलम २८ बघा. अभयारण्यात जायला परवाना कशाकशासाठी मिळतो? अभ्यासाला, फोटो काढायला, संशोधनाला, पर्यटनाला. पाहुण्याचं येणं कायद्याने आधीच धरलेलं आहे. हिरडा गोळा करणाऱ्या बाईसाठी त्यात रकाना नाही.

आता हिरड्याचं बोलू.

ज्यांनी कधी हिरडा केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात घरात दाणा संपत आलेला असतो. भात, नाचणी, वरई जेमतेम होळीपर्यंत पुरते. त्याच वेळी झाडावर बाळहिरडा येतो. गडी झाडावर चढून झोडपतात, बायका-पोरं वेचतात, मग वाळवायचा. वाळून काळा पडला की विकायला तयार. आदिवासी विकास महामंडळ घ्यायचं, नाहीतर व्यापारी घेतो, आणि व्यापारी काय काटा मारतो ते आपण जाणतोच. त्या पैशात मीठ-मिरची, पोरांची वह्या-पुस्तकं, पावसाळ्याचं बियाणं, लग्नाचं देणं. आमच्यातले जे बारावीपर्यंत गेले ते हिरड्यावर गेले. आणि हिरड्यासाठी कुणी झाड तोडत नाही. तोडलं तर पुढच्या साली काय झोडपणार?

१४ फेब्रुवारी २००० ला सुप्रीम कोर्टाने एक आदेश दिला. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, वाऱ्याने पडलेली झाडं, वाहून आलेली लाकडं आणि गवत 'इत्यादी' काढायला मनाई. त्यामागं कारण होतं. मेलेल्या झाडाच्या नावावर राज्य सरकारं जिवंत रान कापायला निघाली असती. ते थांबवणं बरोबरच. पण साथींनो, त्या 'इत्यादी'कडे बघा. हिरडा हा शब्द आदेशात नाही. मध नाही, करवंद नाही. पण 'इत्यादी' ही अशी कणगी आहे की तिच्यात काहीही भरा, मावतं. खात्याने त्यात आमचा सगळा उन्हाळा भरला. ठेकेदारासाठी लावलेला अडसर आमच्या दारावर येऊन पडला.

आणि मग कायद्याला दुरुस्ती आली, १ एप्रिल २००३ पासून लागू. तिच्यात म्हटलं आहे की अभयारण्यातून वनोपज निघालं तर ते आत आणि आजूबाजूला राहणाऱ्या लोकांच्या स्वतःच्या खऱ्याखुऱ्या गरजेला वापरता येईल, व्यापारासाठी नाही. ऐकायला किती गोड! पण हिरडा काय भाजी करून खायचा? खाल्ला तर जुलाब लागतात. हिरडा विकला तरच आमची गरज भागते. विकला की झाला 'व्यापार'. म्हणजे हिरडा आणायचा, घरात ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत उपाशी बसायचं. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला पगार मिळतो, त्याला गरज आणि विक्री वेगळी दिसते.

कुणी म्हणेल, आपला भाग अनुसूचित आहे, पेसा कायदा आहे, गौण वनोपज ग्रामसभेच्या मालकीचं आहे. बरोबर आहे. १९९६ साली दिल्लीने तो कायदा केला. १९९७ साली महाराष्ट्राने मालकी पंचायतींकडे देणारा आपला कायदा केला आणि त्यात हळूच शब्द घातले, राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं वगळून. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने जिथं जास्त रान आहे तिथलंच काढून घेतलं. त्या कायद्याने अभयारण्याच्या रेघेच्या बाहेर हिरडा गावाचा झाला. रेघ ओलांडली की तोच हिरडा चोरीचा ठरला. झाडाला काय ठाऊक रेघ कुठून गेली!

'अतिक्रमण' या शब्दावरही दोन गोष्टी बोलायच्या आहेत. ३ मे २००२ ला दिल्लीच्या वन मंत्रालयाने पत्रक काढलं, ३० सप्टेंबरच्या आत जंगलातली सगळी अतिक्रमणं हटवा. गावोगावी नोटिशांची भीती पसरली. कोण हे अतिक्रमणवाले? घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं. जुनं आंबेगाव पाण्यात गेलं, नदीकाठची भातखाचरं पाण्यात गेली. पिढ्यान् पिढ्या पडकई करून, गावाने मिळून बांध घालून केलेली जमीन ती. पाणी चढत गेलं तशी माणसं वर सरकत गेली. वर काय होतं? जंगलखात्याची हद्द. झाली अतिक्रमणवाली! खाली पाण्याने ढकललं, वर खात्याने अडवलं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जी गाळपेर उघडी पडते तेवढीच काय ती मधली जागा.

आणि ते पाणी जातं कुठं? जुन्नर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, पार कर्जत-करमाळ्याकडे. तिथं ऊस होतो. धरणाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे, याच तालुक्यातला गरीब घरचा माणूस तो, परदेशी मालाच्या ट्रकपुढं आडवा झाला. त्याच्या नावाच्या पाण्याकाठी आमच्या बाया हंडा घेऊन डोंगर चढतात. बिबट्या हुशार, तो जुन्नरच्या उसात राहायला गेला. त्याला कळलं विकास कुठं आहे.

राहिला देव. भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग. शिवरात्रीला, श्रावणात लाखो माणसं येतात. आम्हीही जातो. आम्ही महादेव कोळी, महादेव आमच्या नावातच आहे. भक्तांनी येऊ नये असं आम्ही कधी म्हणणार नाही. पण ज्या अभयारण्यात मावशीच्या काटक्यांनी शेकरूला धोका होतो, त्याच अभयारण्यात गाड्यांच्या रांगा, भोंगे, प्लास्टिकच्या पिशव्यांचे ढीग यांनी धोका होत नाही का? आम्ही सात जणांनी मुक्कामाच्या जागेभोवती तासाभरात दोन पोती प्लास्टिक गोळा केलं. ती पोती नाक्यावर नेऊन दिली आणि म्हटलं, हे वनोपज आहे, जमा करून घ्या. नाक्यावरचा माणूस हसला. तोही आपल्याच कुठल्या तरी गावचा, रोजंदारीवरचा. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही.

काही शहरी मंडळी आपल्याला प्रेमाने विचारतात, "पण तुम्हाला हक्क दिले तर तुम्ही रान राखाल याची खात्री काय?" प्रश्न वाईट मनाने विचारत नाहीत. आमचं उत्तर असं, की खात्री आम्हीच का द्यायची? रान विकलं त्यांना कुणी खात्री मागितली नाही. आणि एक खरं आहे ते आपल्यातही बोललं पाहिजे. काही गावांत आता राईतलं झाड देवाला कौल लावून विकायची भाषा सुरू झाली आहे. ठेकेदार पुजाऱ्याला गाठतो, देवळाला पत्रे घालून देतो म्हणतो. पत्र्यापायी राई द्यायची नाही. हे खात्याच्या भीतीने करायचं नाही. गावाने बसून ठरवायचं आणि ठरलेलं मोडणाऱ्याला गावाने दंड करायचा, जसा पूर्वी होता. राई आपण राखली नाही तर उद्या सांगायला आपल्याकडे काही उरणार नाही.

मागण्या नव्या नाहीत. कलेक्टरने अभयारण्यातल्या प्रत्येक गावात येऊन, ग्रामसभेपुढं, हक्कांची चौकशी करावी. हिरडा, मध, फळं, वाळकी लाकडं, गुरांच्या वाटा, देवराया, सगळं लिहून घ्यावं आणि कलम २४ खाली चालू ठेवावं. तोपर्यंत हिरडा अडवू नये. अडवला तर आम्ही हिरडा घेऊन कचेरीच्या पायरीवर वाळत घालू, ऊन तिथंही चांगलं पडतं.

जमिनीच्या दाव्यांचं काम मात्र लगेच करायचं आहे. १० ऑक्टोबर २००२ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय दिल्लीच्या पत्रकानंतर लढून मिळाला होता. त्याप्रमाणे गावाच्या पातळीवर दावे तपासायचे होते, म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा धरायचा होता. खालचे लोक म्हणतील, अभयारण्याला हे लागू नाही, कोर्टाने जमीन सोडायला बंदी केली आहे. त्यांना सांगायचं, सोडायचं नंतर बघू, दावा लिहून घ्यायला कुणी बंदी केलेली नाही, पोच द्या. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

प्रत्येक घराने कागद शोधायला लागा. जुना सातबारा, शेतसाऱ्याची पावती, रेशनकार्ड, मतदार यादी, आजोबाच्या नावचं काहीही. गार्डाने पीओआर फाडली असेल, दंडाची पावती असेल तर ती लाजून चुलीत घालू नका. अमुक सालात तुम्ही त्या जमिनीवर होता हे सरकारने स्वतः सहीशिक्क्याने लिहून दिलेलं आहे. कागद नसेल तर बांध, जुना आंबा, पूर्वजांचे दगड, विहीर, जे असेल ते दाखवा आणि शेजारच्या गावच्या दोन म्हाताऱ्यांना बोलवा. बायकांची नावं दाव्यात नवऱ्याच्या बरोबरीने घालायची, हे संघटनेच्या बैठकीत ठरलेलं आहे, विसरायचं नाही. फॉर्म वाडीवाडीतल्या कार्यकर्त्यांकडे आहेत, कमी पडले तर हाताने लिहिले तरी चालतात. झेरॉक्सला घोडेगावला जाल तेव्हा एकट्याने जाऊ नका, चार घरांचे कागद एकत्र न्या, एसटीचं भाडं वाचेल.